एका खांबावरचे चार घुमट

शारजाहून पहाटेच निघालो. डोंगरापलीकडच्या एका गावातल्या जुन्या मशिदीला तडा गेला होता. ती पाडायची की ठेवायची, हे सांगायला मला, रत्नागिरीच्या गवंड्याला, बोलावलं होतं. दिवसभर वादीतून (कोरड्या नदीच्या पात्रातून) लँडरोव्हर आदळत राहिली. टायर फुटला तो दोनदा!

समुद्राकाठी, टेकडीच्या पायथ्याशी मशीद दिसली. इतकी ठेंगणी! दगडमातीच्या भिंती, वर जुस (भाजलेल्या जिप्समचा गिलावा) आणि चार बसके घुमट. वाकून आत शिरलो अन् पाहतच राहिलो. चारही घुमटांचा भार मधल्या एकट्या खांबावर होता. लाकूड औषधालाही नाही.

"कोणी बांधली?" मी मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

"माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं," म्हातारे इमाम म्हणाले.

तडा खांबाच्या माथ्यापासून कमानीत चढला होता. करंगळी जाईल एवढा. गावातली तरुण मंडळी म्हणत होती, पाडा, सिमेंटची बांधू, खलास! इमाम खांबावर हात टेकून उभे होते.

आमच्याकडे करतात तेच केलं. तड्यावर तीन जागी जुसच्या पातळ पट्ट्या आडव्या लावल्या. तडा वाढत असेल तर त्या तडकणार. दोन दिवस मासळी-भात खाल्ला आणि तासातासाला जाऊन बघितलं. कुठून या भानगडीत पडलो, असं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी पट्ट्या अखंड होत्या. "तडा जुना आहे," मी सांगितलं. "माती आणि जुसने भरा. पाडू नका."

एक तरुण हसला. "उस्ताद, तू उद्या जाशील. घुमट आमच्या डोक्यावर राहणार."

खोटं काय होतं त्यात! इमामांनी माझा हात धरला. "आज जुम्मा आहे. नमाजाला खांबाला लागून उभा राहा."

राहिलो. सजद्यात कपाळ चटईला टेकलं आणि मानेवर बारीक माती पडली. अल्लाची शपथ, दुआ विसरलो. पळावंसं वाटलं. पण शेजारचा खांदा हलला नाही, म्हणून मीही हललो नाही. नमाजाच्या शेवटी सलाम फिरवताना उजवीकडे पाहिलं, तर मघाचाच तो तरुण! चेहरा माझ्यासारखाच पांढराफटक.

दोघांनी एकदमच वर पाहिलं. पट्ट्या शाबूत होत्या.

शारजात परतून पुन्हा कामाला लागलो. पण तेव्हापासून कुठलंही छत पुरं झालं, टेकू निघाले, की त्याखाली बसून पहिला डबा मी खातो.