कॅप्टनची शेवटची नाल

“भाई, कॅप्टन गया. पेट में मरोड़ था... खलास.” फार्मवरच्या रतनसिंगचा फोन आला तेव्हा मी शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये चहा गाळत होतो. त्याला आता काही आठवडे झाले. खरं सांगू? रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या घोड्याचे मागचे पाय आता मांडीवर घ्यायला नकोत! मी नालबंद आहे आणि घोड्यांना घाबरतो. हसा खुशाल.

कॅप्टन हा रेनिंग नावाच्या खेळातला घोडा. म्हणजे भरधाव सुटायचं आणि स्वाराची हाक येताच मागच्या पायांवर बसल्यासारखं वाळूत घसरत थांबायचं. अमेरिकेत पदकं मिळवून तो शारजाच्या वाळवंटातल्या आमच्या फार्मवर आला, तो पैदाशीसाठी. त्याची पोरं आखातभर पसरली. पण घोडीचा वास आला की हा दारावर लाथा घालायचा आणि मी दोन पावलं मागे सरायचो. आधी मी मुसफ्फाच्या कारखान्यांत वेल्डिंग करायचो. तिथे आगीची अशी धास्ती कधी वाटली नाही. इथे पहिल्याच दिवशी कॅप्टनने मला भिंतीवर आपटून खांदा निखळवला. आमची ही भडकली, “सोडा ती नोकरी. नाल दारावर लावायची असते, तिच्याखाली जाऊन बसायचं नसतं!”

सोडली नाही. मागे जाताना त्याच्या पुठ्ठ्यावर तळहात टेकवून पुटपुटायचो, “कॅप्टनराव, घरी लेक आहे हो...” पुढे पुढे तळहात टेकला की तो आपणहून पाय उचलायचा. माझी भीती गेली नाही. त्याला ती कळली, एवढंच झालं.

घसरण्यासाठी मागच्या पायांना रुंद, गुळगुळीत नाल लागते. खिळ्याचं डोकं जरासं वर राहिलं तर पाय अडकतो, घोडा कोलमडतो आणि स्वार त्याच्याखाली. म्हणून ठोकून झालं तरी मी पुन्हा पुन्हा बोटाने चाचपत बसतो.

गेल्या आठवड्यात कॅप्टनची धाकटी लेक चांदणी पहिल्यांदा घसरणार होती. स्वार कोण? आमची सई. इथेच वाढलेली, याच फार्मवर रिकिबीत पाय घालायला शिकलेली. आमचा अरबाब, म्हणजे मालक, खूश होऊन म्हणाला, “यल्ला! कॅप्टन की बेटी, तेरी बेटी!” मी हात जोडले. म्हटलं, नाल ठोकायला दुसरा माणूस बोलवा. सईने ऐकलं नाही. “नो, बाबा. ओन्ली यू.”

चांदणीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला तर ती थरथरत होती. बापाचा वेग घेऊन आलेली पोर, पण काळीज माझ्यासारखं. नेहमीसारखं ‘घरी लेक आहे’ म्हणायला गेलो, पण लेक घरी कुठे होती? “चांदणी, आज लेक वर आहे गं...” बऱ्याच वेळाने तिने पाय दिला.

मैदानाच्या कडेला मी डोळे गच्च मिटून उभा राहिलो. टापा आल्या, वाढल्या. सईची हाक. वाळू फरफरली... आणि सगळं शांत. डोळे उघडायचं धाडसच होईना. “बाबा! डिड यू सी?” पोर हसत होती. तिच्यामागे वाळूत दोन सरळ, लांब रेघा. कॅप्टनसारख्याच.

कॅप्टनची शेवटची नाल हिने आमच्या दारावर लावलीय. सई नालेकडे न बघताच फार्मला पळते. ती गेली की मी खुर्चीवर चढतो आणि नालेचा एकेक खिळा बोटाने चाचपतो.