साहेबांचा पासवर्ड

ऐंशीच्या दशकात मी एलएल.एम.ला संगणकीय गुन्हे हा विषय घेतला, तेव्हा महाल भागातल्या आमच्या गल्लीत संगणक पाहिलेली एकच व्यक्ती होती, शेजारच्या वहिनी. मी स्वतःही पाहिला नव्हता. पण मिजास अशी, की कायदा जणू माझीच वाट बघत थांबलाय.

ग्रंथालयातली पुस्तकं सगळी परदेशी. गाईड म्हणाले, "आपल्याकडचं उदाहरण आणा, नाहीतर विषय बदला." मी सरळ वहिनींकडे जाऊन बसलो. परीक्षांचे निकाल तयार करणाऱ्या एका खासगी केंद्रात त्या ऑपरेटर होत्या. नवरा गेल्यापासून सासू आणि दोन मुली त्यांच्याच पगारावर जगत होत्या.

मी विचारलं, "गुण बदलायचा अधिकार कोणाला?"

"साहेबाले. पण त्याइले टाइप कुठं करता येते भाऊजी? सकाळीच आम्हा तिघाइले आपला पासवर्ड सांगतात अन् चहाले जातात. सारं आम्हीच टाकून राहिलो."

मी हरखलो. प्रबंधात त्यांचं नाव घातलं नाही, 'एक महिला ऑपरेटर' एवढंच लिहिलं. त्या केंद्रात बाई एकच आहे, हे मला ठाऊक होतं. पण डोक्यात विद्वत्तेची हवा शिरली होती.

प्रबंध दिला आणि थोड्याच दिवसांत त्या केंद्रात कोणीतरी एका मुलाचे गुण वाढवल्याचं उघड झालं. चौकशी करणारे वकील हेच माझे परीक्षक निघाले. माझी तोंडी परीक्षा व्हायची होती. त्यांनी मला साक्षीला बोलावलं. टेबलावर माझ्या प्रबंधातलं एक पान होतं.

"साहेबांचा पासवर्ड आपल्याला माहीत आहे, असं या बाईंनी तुम्हाला सांगितलं?"

"हो."

साहेब स्वतःच तो तिघांनाही सांगतात, हे पुढच्या पानावर होतं. ते पान टेबलावर नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ठरलं होतं आणि दोर मीच वळून दिला होता. साहेब त्यांच्या शेजारी बसून चष्मा पुसत होते, वहिनी समोर उभ्या होत्या.

"भाऊजी, पुढचं पान दाखवा ना," वहिनी म्हणाल्या. "साहेबाचंही सांगतलं होतं मी तुमाले."

माझी प्रत पिशवीत होती, पिशवी मांडीवर. परीक्षक माझ्याकडे बघत होते.

"तसं नक्की आठवत नाही," मी म्हणालो.

वहिनींची नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूला आणि मुलींना घेऊन त्या उमरेडला माहेरी गेल्या, तेव्हा मी दार लावून घरात बसलो होतो. मला स्वतःची किळस येत होती, ती आजही येते.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच उदाहरण उचललं. "प्रबंधातला सगळ्यात भक्कम भाग," ते म्हणाले.

मी म्हणालो, "थँक यू, सर."