गाडी मीच चालवते

मुलीची नोकरी टिकावी म्हणून तुम्ही खोटं बोलला नसता का? इंग्लंडमधल्या आमच्या डडली गावातली ग्लेनिस तसं खोटं बोलली. तिची टॅम्झिन एकोणीस वर्षांची, नुकतीच गाडी शिकलेली. आजारी म्हाताऱ्यांना उठवायला, आंघोळ घालायला ती पहाटे घरोघरी जायची, आणि तेव्हा बस नसते. पण अशा नवशिक्या पोरीच्या नावानं गाडीचा विमा काढायचा तर तो गाडीपेक्षा महाग! म्हणून ग्लेनिसनं विमा कंपनीला सांगितलं, गाडी मीच चालवते, मुलगी कधीमधी.

मग टॅम्झिननं गाडी धडकवून शेजारच्या विनीमावशींचं कुंपण पाडलं. कंपनीचा माणूस चौकशीला आला, तेव्हा ग्लेनिससमोरच मावशी हसून म्हणाल्या, "ही कुठली गाडी चालवतेय! रोज बसमध्ये माझ्या खांद्यावर घोरते की!"

ग्लेनिसची मान खाली गेली ती गेलीच. विमा रद्द झाला, टॅम्झिनची नोकरी सुटली.

"अगं बये, मला आधी सांगायचंस ना!" मावशी रडकुंडीला आल्या.

"कुठल्या तोंडानं सांगणार होते?" ग्लेनिस पुटपुटली.

आता मावशी दिसू नयेत म्हणून ती पायी कामावर जाते. पोरांना असले भाव लावणारे मात्र ताठ मानेनं हिंडतात. ग्लेनिसला लबाड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण शनिवारी आमच्याबरोबर त्या कंपनीच्या दारात निषेधाला येऊन उभे राहा.