‘आपली’ वारली

मार्चअखेर माझा भाषाशाळेचा व्हिसा संपणार होता. त्याआधी तोक्योतल्या एखाद्या कला विद्यापीठातल्या प्राध्यापकाने मला ‘घेतो’ म्हणायला हवं होतं, नाहीतर सामान बांधून परत पुणे. इथे कलेत एम.ए. करायचं तर परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी आधी वर्षभर संशोधक विद्यार्थी म्हणून राहावं लागतं, आणि त्यासाठी अर्जाच्याही आधी सेन्सेईंचा, म्हणजे प्राध्यापकांचा, खाजगी होकार मिळवावा लागतो. त्याला नाइदाकु म्हणतात. तो कुठे नोंदलेला नसतो, पण त्याच्याशिवाय दार उघडत नाही. मला ही पद्धत पहिल्यापासून किळसवाणी वाटली. ज्याचा कागदच नाही त्याच्याविरुद्ध भांडायचं कसं?

मी कागदातच वाढले. आई-बाबा दोघंही पिंपरीतल्या कामगार संघटनेत. घरी गोष्टींची पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. मी वाचलेलं पहिलं जोडाक्षर ‘व्यवस्थापना’तलं. पुढे चित्रकला शिकताना मी त्याच पत्रकांतली वाक्यं लिनोलियमच्या तुकड्यावर उलटी कोरून छापायला लागले. कॉलेजातले सर म्हणाले, हे पोस्टर आहे, चित्र नाही. छपाईला चित्र मानणारा देश म्हणून मी जपानला आले. तोक्योच्या हिगाशी-कसाई भागात ताई आणि जिजाजी राहतात, दोघंही आयटीत. त्यांच्या लहान खोलीत माझी गादी होती. सकाळी कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, काम, दुपारी भाषाशाळा आणि उरलेल्या वेळात सेन्सेई लोकांना ईमेल.

ऑक्टोबरात एका सेन्सेईंनी भेटायला बोलावलं. मुद्राचित्रण विभागाचे प्रमुख, आणि अभ्यासाचा विषय निषेधाची कला. मी फार आधी पोचले आणि कॉरिडॉरमधला सूचनाफलक वाचत उभी राहिले. फलकावरच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात विद्यार्थी विभागाचा गोल लाल शिक्का होता, शिक्क्यात तारीख. तारीख उलटली की कागद काढला जाईल, अशी खाली नम्र सूचना. ‘प्रतिकार’ नावाच्या विद्यार्थी-प्रदर्शनाच्या पोस्टरवर आवळलेली मूठ होती आणि मनगटावर परवानगीचा शिक्का.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण व्हिसा.

सेन्सेईंनी माझे छाप टेबलावर पसरून बराच वेळ पाहिले. माणूस हळू आवाजाचा, सभ्य. “ताकद आहे,” ते म्हणाले. “पण इंदो-राशिसा कमी पडते.”

इंदो-राशिसा म्हणजे भारतीयपणा. खरं तर भारतासारखं वाटणं.

मी म्हटलं, “अक्षरं भारतातली आहेत. कारखानाही भारतातलाच.”

“हो, पण कारखाने आमच्याकडेही आहेत.”

मग त्यांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढली. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं हातात हात घालून गोल नाचत होती. “हे तुमच्याच भागातलं ना?”

“हाय,” मी म्हणाले.

जपानीत ‘हाय’चा अर्थ ‘ऐकतेय’ एवढाच असू शकतो. नंतर मी स्वतःला तसं सांगून पाहिलं. पण मला माहीत आहे, मी हो म्हणाले होते.

सेन्सेईंचा चेहरा उजळला. “मग तुमच्याकडे स्वतःची परंपरा आहे की! ती आणि ही अक्षरं एकत्र आणा. दोन आठवड्यांत आराखडा सुधारून द्या. तसा असेल तर मी घेईन.”

घरी आनंदीआनंद. ताईने पेढ्यांच्या जागी कोन्बिनीतले मोची, तांदळाचे गोड गोळे, आणले आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमीही टाकली. मी का कुरकुरते आहे हे जिजाजींना कळेचना.

“अगं, आपलीच आहे की वारली! पुण्यात आपल्या सोसायटीच्या भिंतीवर नाही का, गेटपासून पार्किंगपर्यंत?”

“ती कंत्राटदाराने स्टेन्सिल लावून काढलीय, जिजाजी.”

“मग तर सोपंच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की झाला माणूस. वर एक टिंब. इथल्या गणपतीच्या डेकोरेशनला मीच काढली होती.”

“एकतरी वारली माणूस ओळखता तुम्ही?”

“ओळख कशाला लागते? पिझ्झा खायला काय इटलीचा जावई व्हावं लागतं?”

ताई हसली. मीही हसले. ते हसू मला आजही सहन होत नाही.

मी आराखडा लिहिला. पालघरकडच्या वारली पाड्यांवर मी आयुष्यात एकदाही गेले नव्हते. लग्नाच्या वेळी भिंतीवर देवीचा चौक काढणाऱ्या बायकांबद्दल जे लिहिलं ते ट्रेनमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचून. ‘आमच्या मातीच्या भिंती’ असं लिहिलं. आमची भिंत सिमेंटची, तिच्यावर गॅस एजन्सीचं कॅलेंडर. सोबत जुन्या वर्तमानपत्रांवर त्रिकोणांचा सराव चालू होता. तिसऱ्या दिवशी नाचणाऱ्यांचा फेर जमला. हात सराईत झाला होता, आणि मला चक्क आनंद झाला. शिक्का मारलेल्या मुठीला मी नाक मुरडलं होतं. ती मूठ निदान पोरांची स्वतःची तरी होती.

शनिवारी मी वॉर्डाच्या केंद्रात जपानीच्या मोफत वर्गाला जायची. तिथे एक निवृत्त शिक्षिका आमचं लिखाण तपासायच्या. सत्तरी उलटलेल्या, लाल पेन्सिल कानामागे. माझ्या आराखड्यात त्यांनी एकाच शब्दाभोवती पानभर गोल काढले. वाताशिताची. म्हणजे आम्ही, आमचं.

“हे वाताशिताची म्हणजे कोण? तुम्ही आणि तुमचे आई-वडील?”

“नाही.”

“आजी काढायच्या?”

“आजी पोस्टात होती.”

“मग शेजारी?”

“नाही.”

बाई गोंधळल्या. माझा खोटेपणा पकडायचा त्यांचा हेतू नव्हता, त्या फक्त वाक्याचा कर्ता शोधत होत्या. चष्मा वर ढकलून त्यांनी विचारलं, “मग ही वाक्यं कुणाची आहेत?”

मराठीत ‘आपली’ म्हटलं की भागतं. आपली वारली, आपली पैठणी, आपलं कोकण. त्यात बोलणारा येतो, ऐकणारा येतो, आणि जिची ती वस्तू आहे ती बाई नेमकी बाहेर राहते. हे ‘आपली’ मी जपानीत जसंच्या तसं उतरवून त्याचं वाताशिताची केलं होतं. मराठीत कुणी हटकलं नसतं. जपानीत ते उघडं पडलं.

बाबा पत्रकात ‘आम्ही’ लिहिण्याआधी पाळी सुटताना गेटवर उभे राहून सह्या गोळा करायचे. सह्या कमी पडल्या तर ‘आम्ही’ खोडून ‘मी’ लिहायचे. मग आई विचारायची, “आज स्वारी एकटीच निघाली का मोर्च्याला?” त्या घरातली मुलगी मी. मी कुणाचीही सही न घेता अख्ख्या जमातीच्या वतीने अर्ज करत होते, तोही व्हिसासाठी.

सोमवारी मी सेन्सेईंकडे गेले. वारली काढून टाकलेला आराखडा पुढे ठेवला आणि सांगितलं, “मी वारली नाही. आमच्या घरी कुणीच नाही. तुमच्यासमोर मी खोटं बोलले. ही पत्रकं माझी आहेत, घ्यायचं तर ह्यांच्यासकट घ्या.”

त्यांनी आराखडा चाळला. मग म्हणाले, “प्रवेश परीक्षेत हे कुणी विचारणार नाही.”

“तुम्हीही विचारलं नाहीत, सेन्सेई.”

त्यांनी दातांतून हवा आत ओढली. “कठीण आहे हं.” जपानीत कठीण म्हणजे नाही. निघताना त्यांनी दार माझ्यासाठी धरून ठेवलं, आणि मला त्या सभ्यतेचीही शिसारी आली.

ताई संतापली. “तत्त्वांना व्हिसा लागत नाही, तुला लागतो! आधी एम.ए. कर, मग कर काय ती क्रांती. आणि ग्रुपवर मी आता काय तोंड दाखवू?”

“सांग, बहीण नापास झाली.”

“नापास झाली असतीस तर बरं होतं. लोक समजून तरी घेतात.”

जिजाजींनी शांतपणे विचारलं, “पण मला एक सांग, कुणाचं नुकसान झालं असतं?”

मी सरावाचे कागद गोळा केले, रंग लागलेले म्हणून रद्दीत न घालता जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत भरले आणि मंगळवारी सकाळी खाली नेऊन ठेवले.

पदवी हवी की नको, ह्यावर मी नंतर आठवडाभर स्वतःशीच भांडले. छपाईयंत्र हवं, शिकवणारा हात हवा, हे खरं होतं. शिक्का मारणारं कॉलेज नको, हेही खरं होतं, पण बिनशिक्क्याचं कॉलेज मला अजून दिसलेलं नाही. नागोयाच्या बाहेर एक लहानसं कला महाविद्यालय आहे. तिथे आधी कुणाचा होकार लागत नाही. फेब्रुवारीत सरळ परीक्षा, आणि परीक्षकांसमोर आपले छाप मांडून बोलायचं. जमलं नाही तर महिन्याभरात पुणे. तिथे अर्ज करायचं ठरवलं.

नवा आराखडा घेऊन मी शनिवारी पुन्हा बाईंकडे गेले. त्यांनी वाचता वाचता पहिल्याच ओळीतलं ‘वाताशी वा’, म्हणजे ‘मी’, खोडलं. मग दुसऱ्या ओळीतलं, मग तिसऱ्या.

“जपानीत हे सारखं लिहीत नाहीत,” त्या म्हणाल्या. “कर्ता गाळला की वाक्य सुंदर होतं.”

“राहू द्या.”

“वाचणाऱ्याला खटकेल.”

“खटकू दे.”

बाईंनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि खोडरबर घेऊन आपल्याच रेघा पुसायला लागल्या. लाल पेन्सिल नीट पुसली जात नाही, कागद नुसता गुलाबी झाला. मी नवं पान घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून लिहून काढलं.