चाचांचं 'माहीत नाय'

रोह्यात 'माहीत नाय' हे दोन शब्द घसा न खाकरता म्हणणारा एकच माणूस मी पाहिला. आमचे पाववाले चाचा. गाडी वेळेवर आहे का, पुलाचं काम कधी संपणार, काहीही विचारा. बाकीचं गाव सविस्तर उत्तर देई. चाचा मैद्यातून मान वर न काढता म्हणत, "माहीत नाय."

मी तेव्हा मुंबईत पीएच.डी. करत होतो. यीस्टची पेशी पुरेशी वाढल्याशिवाय विभागत नाही. मग आपण पुरेसे वाढलो हे तिला कळतं कसं, हा माझा विषय. पाच वर्षं झाली होती. तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती. ती हुकली असती तर रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, कारण आईने शेजारीपाजारी मला आधीच डॉक्टर करून टाकलं होतं.

सुट्टीत एका दुपारी बेकरीत गेलो. चाचा न बघता मैद्याचे गोळे तोडत होते. मी दहा गोळे तिथल्याच धूळ खात पडलेल्या तराजूवर टाकले. सगळे जवळपास सारखे.

"पावाची परीक्षा घेतोस व्हय?"

"या खमिरातली पेशीसुद्धा अशीच मापात विभागते, चाचा."

"तिच्याकडं तराजू हाय?"

मी पंधरा मिनिटं बोललो. विभाजन अडवून धरणारं एक प्रथिन पेशीत असतं, पेशी वाढते तसं ते पातळ होतं, पुरेसं पातळ झालं की अडसर सुटतो, वगैरे.

"आनि पुरेसं म्हंजे किती, ते कोण ठरवतो?"

मी आणखी दहा मिनिटं बोललो. चाचांनी तेवढ्यात दोन ट्रे भरले.

"म्हंजे माहीत नाय."

"पाच वर्षं घालवलीत हो त्यात!"

"मग पाच वर्षांनी माहीत नाय म्हण. वजन येतं."

परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. मी घसा खाकरून चाचांना दिलेलं भाषण सुरू केलं. बाई घड्याळ बघू लागल्या. मी थांबलो.

"माहीत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मलाही नाही. कसं शोधाल?" पुढचा तासभर मी पाच वर्षांत पहिल्यांदा अकलेचं बोललो असेन. पदवी मिळाली.

ते सांगायला, वाटेत पेणला पापड घेऊन, बेकरीत गेलो. चाचा खुर्चीवर बसले होते. त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं होतं. गोळे आता पुतण्या तोडत होता, एकेक तराजूवर ठेवून.

माझी हकिकत ऐकून ते पोटभर हसले. मग मी, नको तिथे शास्त्रज्ञ, विचारून बसलो, "चाचा, तुमच्या हाताला कसं कळायचं हो?"

त्यांनी मांडीवरच्या हाताकडे बघितलं.

मग घसा खाकरून म्हणाले, "माहीत नाय."