आधी कोंबड्याला सलाम

आमच्या दारात आला की तो आधी कोंबड्याला सलाम करायचा, मग मला. हात कपाळापर्यंत न्यायचा, मान थोडी वाकवायचा आणि म्हणायचा, "कैसे हो, नवाबसाहब?" कोंबडा एका डोळ्यानं त्याच्याकडं बघायचा. मग हा माझ्याकडं वळायचा. "दादा, चहा टाका."

तुम्ही म्हणाल, गमत्या माणूस असंल. मलाही तसं वाटलं असतं. पण आम्ही मूळची मेंढरं राखणारी माणसं. बाजारात ज्याला मेंढरू घ्यायचं असतं तो त्याच्याकडं बघतच नाही. शेजारच्या मेंढराचे दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, आणि हळूच विचारतो, ह्ये कसलं वो? हा तर सरळ कोंबड्याकडंच बघायचा. इतकं उघड बघणारा माणूस एक तर येडा असतो, नाय तर लई पोचलेला.

मी चौथी शिकलेला. जन्म कारखान्यात लोखंड कापण्यात गेला. उस्मानपुऱ्यात मागच्या गल्लीत आमचं पत्र्याचं घर, पुढं जरा अंगण. कोंबडा माझ्या बायकोचा. पाचोडच्या बाजारातून तिनं पिल्लू पदरात गुंडाळून आणलं होतं, एसटीत कंडक्टरला दिसू नये म्हणून वरून मेथीची जुडी धरली होती. पिल्लाचा कोंबडा झाला. मान राखेच्या रंगाची, वर मधासारखी झाक. ती गेली आणि घरात आवाज करणारं तेवढंच राहिलं.

ती जाऊन महिना झाला नसंल, तर हा दारात. पलीकडच्या गल्लीतला, तोंडओळखीचा. माझ्याच वयाचा. म्हणाला, "दादा, घरात बसून काय करता? चला पाण्यावर. मासे धरायला शिकवतो."

मी म्हणालो, "मला मासे कशाला?"

"मला तरी कशाला? धरायचे आणि सोडून द्यायचे."

इथंच माझं डोकं फिरलं. धरलेला मासा सोडणारा माणूस नक्की कशासाठी येतो?

दुसऱ्या चहाला त्यानं स्वतःच सांगून टाकलं. तो कंपनीतल्या एका परदेशी साहेबाचा ड्रायव्हर होता. साहेबाला जायकवाडीच्या पाण्यावर गळ टाकायचा नाद. मायदेशी जाताना साहेब आपली गळाची काठी यालाच देऊन गेला. या गळाला गांडूळ नाही, कणिक नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस बारीक दोऱ्यानं गळावर गुंडाळायचं. पाण्यावर पडलं की माशी बसल्यासारखी दिसते आणि मासा फसतो. त्याला 'माशी'च म्हणायचं.

"आणि असली मान," तो कोंबड्याकडं बोट करून म्हणाला, "पूरे शहर में नहीं."

"मग माझ्या बायकोकडं का नाही मागितलीस?"

"मागितली होती. भाभींनी झाडू घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पळवलं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. आणि लगेच राग आला. ती होती तोवर परत यायची हिंमत नव्हती, ती गेली आणि हा आला. मी म्हणालो, "ती नाही म्हणाली ना? मग नाही."

"हौ. जिवंत कोंबड्याला हात लावत नाही. पडलेलं पीस उचलतो. पर पडलेलं पीस घासलेलं असतं, दादा. खरं काम पिसांसकट मानेच्या कातड्याचं. तो आपल्या मरणानं मेला, तर मला सांगा."

म्हणजे हा माणूस माझ्या दारात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या बायकोच्या कोंबड्याच्या मरणाची वाट बघत होता. आणि ते तोंडावर सांगत होता.

तरी मी त्याच्या स्कूटरवर बसलो. का बसलो, विचारू नका. नजरेसमोर असलेला बरा, असं वाटलं असंल.

उन्हाळ्यात सुरुवात केली. पाणी लांब हटलेलं, उघड्या गाळात टरबुजाचे वेल पसरलेले. फक्त सकाळच्या थंड वेळेला मासा वर येतो. मी काठी घेतली आणि लहानपणी गोफण फिरवायचो तशी गरगर फिरवली. दोरी टरबुजवाल्याच्या म्हशीच्या शिंगात अडकली. म्हैस पाण्यात, दोरी तिच्यामागं, मी दोरीमागं. हा काठावर बसून डोळे पुसत हसत होता.

"दादा, ही गोफण नाय. लांडगा हाकायचा नाय. मागं न्या, थांबा. दोरी मागं सरळ होऊ द्या. मग पुढं."

"थांबू किती?"

"घाई नक्को. पाणी कुठं पळून जातंय?"

हे त्याचं ठरलेलं. चहा गरम असला तरी हेच, स्कूटर सुरू होईना तरी हेच. मागचं सरळ होऊ द्या, असं तो म्हणायचा तेव्हा मला वाटायचं, हा दोरीचं बोलतोय का माझ्या घरचं? मी नीट त्याच्या तोंडाकडं बघायचो. तो दोरीकडंच बघत असायचा. भरवसा नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं. गढूळ पाण्यात माशाला माशी दिसत नाही, म्हणून आम्ही माझ्या ओसरीवर बसून माशा बांधायचो. त्याच्या मोठ्या बोटांना दोरा ऐकायचा. माझ्या बोटांना लोखंडाची सवय, पीस चुरगळून जायचं. त्याच सुमाराला कोंबडा पिसं टाकायला लागला. हा वाकून एकेक उचलायचा, फुंकर मारायचा, डबीत ठेवायचा. मी समोर बसून बघत राहायचो. कोंबड्यानं टाकली तेवढीच उचलतो का एखादं ओढतो? तो आत पाणी प्यायला गेला की मी कोंबडा धरून मान तपासायचो. एकदा त्यानं मला तसं करताना पाहिलं. म्हणाला, "दादा, माझी पण झडती घ्या. शेरवानी नाय घातली, लवकर होईल."

मी घेतली. खिशात विडीचं बंडल आणि काडेपेटी. बास.

पोळ्यानंतर पाणी निवळलं. तेव्हा माझा पहिला मासा लागला. तळहाताएवढी चिलापी. काठी अशी थरथरली की माझ्या खांद्यापर्यंत झटका आला. कोणीतरी हात धरून ओढावं तसं. मी पटकन मागं बघितलं, घरी जाऊन कुणाला सांगावं असं मनात आलं. मग आठवलं, कुणाला सांगणार. तव्यावर टाकायलाही कुणी नाही. मी मासा सोडून दिला.

त्यानं नुसती विडी पुढं केली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, हा मासे का सोडतो. त्याची बायको माझ्या बायकोच्या आधी गेली होती. हे मला गल्लीतून माहीत होतं, पण त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी कोंबडा आजारी पडला. डोळे सुजले, नाकातून पाणी, मान खाली. बांग बंद. सकाळी घर असं गप्प झालं की मी उठलोच नाही. हा आला, सलाम केला, कोंबड्यानं बघितलं नाही. मी मनात म्हटलं, आता याचं फावलं. आता बघू.

त्यानं कोंबडा मांडीवर घेतला. कोमट पाण्यात फडकं भिजवून डोळे पुसले. मग पिशवीत घालून, मान बाहेर ठेवून, स्कूटरवर जनावरांच्या दवाखान्यात नेला. मी मागं बसलो होतो, पिशवी माझ्या हातात. औषधाचे थेंब तो सकाळ-संध्याकाळ येऊन स्वतः चोचीत सोडायचा. मला सोडू देत नव्हता. म्हणायचा, तुमचा हात लोखंडाचा.

कोंबडा वाचला. ज्या दिवशी परत आरवला त्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं, "मरू दिला असतास तर तुझंच काम झालं असतं. का वाचवलास?"

"थंडी अजून पडली नाय. थंडीत पीस पिकतं. आज मेला असता तर कच्चं."

"म्हणून?"

"ते पण हाय." मग चहाच्या कपात बघत म्हणाला, "और घरात कुणीतरी ओरडायला पाहिजे ना, दादा. माझ्याकडं तर तेही नाय."

आता याचं काय करायचं, सांगा. माणूस खोटं बोलत असेल तर धरता येतो. हा खरंच इतकं बोलायचा की धरायला कुठं जागाच नव्हती.

हिवाळ्यात मासा खोल जातो. माशी बुडवायची, हळूहळू ओढायची. लांबून आलेले पक्षी पाण्यावर उतरलेले. आम्ही दोघं घोंगडी पांघरून बसायचो. माझी दोरी आता मागं सरळ व्हायची, पुढं नीट पडायची. तो म्हणायचा, "हौ, आता कसं!" एवढंच. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

होळीच्या सुमाराला त्याच्या छातीत दुखलं. दवाखान्यात भेटायला गेलो. नाकात नळी. मला बघितल्यावर पहिला शब्द, "नवाबसाहब?"

"बरा आहे. सकाळी आरवला."

"अच्छा," म्हणाला आणि डोळे मिटले.

'बरं झालं' का 'अजून जिवंतच', दोन्ही अर्थ निघतात. मी त्या लाकडी बाकावर बसून दोन्ही लावून बघितले. ज्याच्या मरणाची वाट बघत होता तो धडधाकट, आणि वाट बघणारा पलंगावर. दोन दिवसांनी तो गेला. सासरहून आलेली त्याची मुलगी नंतर साहेबाची काठी चादरीत गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "चाचा, ही तुमच्यासाठी." मी चादर झटकून बघितली. दुसरं काही नव्हतं. तिनं जाताना कोंबड्याकडं बघून हात कपाळाला लावला. बापाकडून शिकली असंल.

कोंबडा मागच्या पंधरवड्यात मेला. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. ऐन थंडी आहे, पीस पिकलेलं आहे. मी बराच वेळ त्याला मांडीवर घेऊन बसलो. बायकोनं नाही म्हटलं होतं. पण ती जिवंत कोंबड्याबद्दल बोलली होती, आणि झाडू घेऊन धावली तरी त्या माणसाला गल्लीच्या पुढं काही पळवलं नव्हतं. वर भेटेल तेव्हा सांगेन काय ते.

कातडं कसं काढायचं ते त्या माणसानं ओसरीवर बसून हातवारे करत सांगितलं होतं, तसंच मी केलं. मानेचं कातडं सोडवलं, मीठ चोळलं, पत्र्यावर वाळवलं. बाकीचा कोंबडा अंगणातल्या पेरूखाली पुरला. कातडं ओसरीच्या खुंटीला टांगलंय. माशी बांधायला माझी बोटं चालत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही. शेजारचे विचारतात, हे काय टांगलंय? मी सांगत नाही. कुणाच्या मनात काय असतं, माहीत नाही.

फक्त सकाळी चहा टाकताना दाराकडं लक्ष असतं. कुणी उंबऱ्यात थांबून आधी त्या खुंटीला सलाम केला आणि मग माझ्याकडं बघितलं, तर त्याला मी आत घेईन. झडतीही घेणार नाही.