ब्रिटनच्या बाजूचा एकच हात

गोविंदनानांना कुणी सुभेदार म्हटलं की ते हातातलं काम थांबवून दुरुस्ती करत. "सुभेदार न्हाई. डायवर. त्योबी खच्चराचा." गाव ही दुरुस्ती शांतपणे ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "राम राम, सुभेदार" म्हणे. विलायतेच्या लढाईवर जाऊन आलेला आपला माणूस नुसताच खच्चराची दोरी धरून चालत होता, हे गावाच्या इभ्रतीला झेपणारं नव्हतं. शेजारच्या गावात एक खराखुरा सुभेदार होता, तेव्हा आमच्याकडंही एक असणं भागच होतं.

मी एकाहत्तर साली त्या गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला गेलो. गाव प्रवरेच्या काठी, देवळाली प्रवरेपासून सायकलीनं जाण्याजोगं. वर्गाची खिडकी रस्त्यावर उघडायची. पहिल्याच आठवड्यात मी नकाशावर इटली दाखवत होतो, तिचा आकार बुटासारखा आहे वगैरे, तेवढ्यात खिडकीतून एक फेटा आत आला. "मास्तर, बूट न्हाई दिसत तिथं. ज्यानं वरनं बगितलं त्याला बूट दिसला आसंल. आमी खालनं बगितलंय. निस्ते डोंगर हायेत, आन् चिखल लई." एवढं बोलून फेटा निघून गेला. वर्ग पुढं महिनाभर इटलीला चिखल म्हणत होता. त्याच फेट्याच्या, म्हणजे गोविंदनानांच्या, घरात मला खोली भाड्यानं मिळाली.

संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात रेडिओवर लंडनच्या हिंदी बातम्या लागत. नाना बाकावर पाठ न टेकता बसायचे, चहा गार होऊ द्यायचे. त्या काळात बातम्यांत एकच घोळ चालला होता. युरोपातल्या सहा देशांनी मिळून सामायिक बाजार काढला होता, आपसात जकात नाही असा, आणि ब्रिटनला त्यात शिरायचं होतं. ब्रिटिश जनतेला ते हवं आहे की नको, हे लंडनच्या रेडिओलाही धड कळत नव्हतं. लोक कधी बाजूनं तर कधी विरोधात. आमच्या गावाचं मत मात्र अगदी स्पष्ट होतं. फक्त ते दर आठवडी बाजारानंतर स्पष्टपणे बदलायचं.

आधी गाव बाजूनं होतं. फ्रान्सनं पूर्वी ब्रिटनला दोनदा दारातून परत पाठवलं होतं म्हणे, आणि साहेब पुन्हा दारात उभा आहे या कल्पनेनंच लोकांना चहा गोड लागत होता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की ज्यानं आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं तो असा लाचार झाला तर त्यात आपलीच शोभा आहे. झालं, इंग्लंडच्या अब्रूखातर गाव विरोधात गेलं. नाना दोन्ही वेळा म्हणाले, "वझं कुनीकडं कलतंय ते तरी बगा आदी." पण वजन बघून मत द्यायला गाव काही खच्चर नव्हतं.

तिसरं मत बाळासाहेबांनी आणलं. बाळासाहेब म्हणजे गावातलं उगवतं नेतृत्व. टेरिलिनचा शर्ट, मोटारसायकल, आणि साखर कारखान्याच्या ऑफिसात ऊठबस. तिथून ते बातमी घेऊन आले, की ब्रिटन आपली थोडीफार साखर घेतो. तो एकदा या बाजारात शिरला की तिकडची बिटाची साखर खाणार, आणि आपला ऊस फडातच वाळणार. बीट कुणी पाहिलेलं नव्हतं. ते मुळ्यासारखं असतं, एवढं मी सांगितलं. "मुळ्याची साखर!" अख्खं हॉटेल संतापलं. उसाचा असा अपमान आमच्या भागात आजवर कुणी केला नव्हता.

लगेच ग्रामसभेत ठराव आला: "ब्रिटनने सामायिक बाजारात जाऊ नये अशी ही सभा ब्रिटिश सरकारला सक्त ताकीद देत आहे." मसुदा लिहायला मला बसवलं होतं. 'ताकीद'ऐवजी 'विनंती' म्हणावं, असं मी सुचवलं, तर सरपंच म्हणाले, "सर, आता देश सोतंत्र हाय." ठराव योग्य त्या मार्गानं लंडनला जावा म्हणून तहसील कचेरीत पाठवला. तिथून तो पुढं गेल्याचं ऐकिवात नाही. ठरावाला सगळे हात वर झाले. नानांचा झाला नाही, आणि ते बाळासाहेबांनी बरोबर टिपलं.

टिपण्याचं कारण होतं. गावात नदीवरून पाणी उचलून शेतांना देणारी एक सोसायटी होती. ती नानांनी उभी केली होती. लष्करातून परत आल्यावर दारोदार फिरून सभासद गोळा केले, काठावर इंजिन बसवलं, खालच्या शेतांपर्यंत पाइप नेला. पहिल्यापासून चेअरमन तेच. आता त्यांना तोच पाइप वरच्या वस्तीला न्यायचा होता. वरची वस्ती म्हणजे माळरानावरची कोरडवाहू घरं. तिथल्या बायका हिवाळा सरायच्या आत हंडे घेऊन नदीवर यायला लागत. नानांच्या तोंडी दुसरा विषय नसे. "येकदा त्या चढाला पानी लावतो, मास्तर, मग मला कुठंबी नेऊन टाका." बाळासाहेबांची जमीन खालच्या अंगाला होती, म्हणून त्यांना पाइप आहे तिथंच बरा वाटत होता.

बहात्तरच्या उन्हाळ्यात सोसायटीची सभा मारुतीच्या पारासमोर भरली. नाना पुन्हा चेअरमन झाले तर पाइप वर जाणार, बाळासाहेब झाले तर नाही, इतका साधा मामला होता. बाळासाहेबांनी पाण्याचा शब्दच काढला नाही. ते हात जोडून म्हणाले, "नाना, तुमी आमच्या बापाच्या जागी. येकच इचारतो, सभेला खरं सांगा. तुमी ब्रिटनच्या बाजूचे का इरोधातले?"

मी पहिल्या रांगेत होतो. मी नानांना डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, खोकलोसुद्धा. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, आणि मग सभेकडं वळून म्हणाले, "बाजूचा. ज्यांनी येकमेकांची घरं जाळली ते आता येका बाजारात बसाया निगालेत. बसू द्या की. आपल्या साखरंचं आपन बगू."

पुढं कुणी काही ऐकलंच नाही. "मुळ्याचा माणूस!" असं मागून कुणीतरी ओरडलं आणि बाळासाहेबांसाठी हात वर झाले. खालच्या शेतांचे झाले ते समजण्याजोगं होतं. वरच्या वस्तीचेही झाले. ज्यांच्या रानात पाण्याअभावी उसाचं एक कांडं कधी उगवलं नव्हतं, त्यांनी उसाच्या काळजीपोटी स्वतःचं पाणी नामंजूर केलं. लोकशाहीबद्दल माझा आदर त्या दिवसापासून जो दुणावला तो आजतागायत तसाच आहे.

रात्री नाना ओट्यावर विड्या ओढत बसले होते. मी तावातावानं म्हणालो, "नाना, 'विरोधात' एवढा एकच शब्द हवा होता. इंग्लंडला काय फरक पडला असता? त्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले असते."

"उतरले आसते," ते म्हणाले. "त्येच टोचतंय."

हातातली विडी विझवून ते आपणहून बोलू लागले. इटलीतल्या डोंगरात त्यांचं काम चढावर दारूगोळा न्यायचं, आणि उतरताना मेलेले खाली आणायचं. "येका सकाळी वर दोनच हुते. येक गोरं आपल्या बाजूचं, येक जर्मन. दोनी पोरं, मिसरूडबी न्हाई. जर्मन आनायचा हुकूम नव्हता. पन खच्चराला दोनी अंगाला सारकं वजन लागतं, न्हाईतर त्ये उतारावर कोलमडतंय. मग येक हिकडं बांदला, येक तिकडं. वजनात काय फरक न्हाई, मास्तर. खच्चर झक्क सरळ चाललं खालपातुर. मी मागनं रडत चाललो."

मी म्हणालो, "हे तुम्ही सभेत का नाही सांगितलंत? सगळे हात तुमच्याकडं आले असते."

नाना माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचंच चिडले. "मतासाटी? त्या पोरांना पुन्यांदा खच्चरावर घालून पारापुढं आनू व्हय?"

मी मान खाली घातली. या माणसाच्या घरात आपण भाडेकरू आहोत याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

त्या वर्षी पाऊसही आला नाही. वरच्या वस्तीची निम्मी घरं दुष्काळी कामाच्या खडीवर गेली. नाना रोज बैलगाडीत पिंपं भरून तो चढ चढायचे. ज्यांनी हात वर केले होते त्यांच्याच दारात पाणी ओतायचे आणि कुणी माफी मागू लागलं तर बैलांवर ओरडायचे. जानेवारीत ब्रिटन आमची ताकीद न जुमानता बाजारात शिरला. साखरेचं काहीच बिघडलं नाही, उलट भाव चढा राहिला. ब्रिटनमध्ये लोक कुरकुरत होते म्हणे, पण आमच्या गावानं शिरकाव मनापासून मान्य केला. बाळासाहेब हॉटेलात सांगू लागले, "आपन पयल्यापासून बाजूचेच हुतो." आणि ते ऐकताना कुणाचाही चहा घशात अडकला नाही. पाइप मात्र होता तिथंच राहिला.

पुढच्या थंडीत नाना गेले. दोन दिवस ताप आला आणि संपलं. शोकसभा सोसायटीनंच बोलावली. आठवड्यावर तिची नवी निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग. बाळासाहेबांनी डोळे पुसले. सुभेदारसाहेबांनी ब्रिटनचं भविष्य आधीच ओळखलं होतं, असे द्रष्टे शतकातून एखादेच, आणि त्यांचा वारसा आपण चालवणार आहोत, असं ते म्हणाले. लोक हळहळले. वरच्या वस्तीच्या बायका मागं उभ्या होत्या. त्या तेवढ्या खऱ्या रडत होत्या.

मग बाळासाहेब माझ्या कानाशी वाकले. "सर, तुमी घरातलेच. त्यांचं लढाईतलं काहीतरी सांगा की. लोकांना पानी आलं पायजे डोळ्यात."

मी उठलो. "नाना चांगले होते," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. मास्तरला साधं भाषणही जमत नाही, असं गावात पुष्कळ दिवस बोललं जात होतं.